चहा आला की पट्टा पास

नवा पट्टा चढवून मशीन सुरू केली की अप्पा त्या मशीनकडे पाठ करून बसतात.

माणूस नवी गाडी घेतो तेव्हा ती लावून आत जाताना चारदा मागं वळून बघतो. नवी चप्पल घेतली तरी चालताना नजर खाली जाते. अप्पा मात्र लातूरहून आणलेला कोरा पट्टा मशीनच्या दोन चाकांवर चढवतात, ताण देतात, हाताखाली काम करणाऱ्या रज्जाकभाईंना बटन दाबायची खूण करतात आणि मागच्या भिंतीकडे तोंड करून एका ओंडक्यावर बसतात. डोळे अर्धवट मिटलेले, हात मांडीवर. समोर भिंत आणि भिंतीत त्यांच्याच घराच्या स्वयंपाकघराची जाळीची खिडकी. पाठीमागे पट्टा किंचाळत असतो, भुशाचा धुरळा उडत असतो आणि अप्पा ढिम्म.

"ऐकायलेत," रज्जाकभाई माझ्या कानाशी येऊन सांगतात. "अप्पा का कान है सर, मजाक नै."

उदगीरमध्ये अप्पांच्या कानाची ही ख्याती फार जुनी आहे. त्यांची आरा मशीन म्हणजे एक पत्र्याची शेड, पुढं लाकडांचा ढीग, मागं घर. पट्टा म्हणजे दात पाडलेली पोलादाची लांब पट्टी, तिची दोन टोकं जोडून कडं केलेलं. हे कडं दोन चाकांवरून फिरतं आणि मधे येईल ते कापतं. जोड नीट बसला नसेल किंवा दात वेडेवाकडे असतील तर फळी वाकडी निघते. जोड सुटलाच तर पट्टा चाकावरून उडतो, आणि तो कुणाकडं जाईल हे सांगता येत नाही. म्हणून अप्पा नवा पट्टा आधी रिकामा फिरवतात, मग कडुलिंबाच्या एखाद्या वाकड्या फाट्यावर चालवतात आणि आवाजावरून निकाल देतात. पसंत पडला तर बोलत नाहीत, नुसते उठतात आणि धोतर झटकतात. नाही पडला तर एकच शब्द.

"बेड."

बेड म्हणजे कानडीत नको. अप्पांचं घर कानडी बोलणारं. बाजारात ते मराठी बोलतात, रज्जाकभाईंशी दखनी, पण नाही म्हणायचं असलं की कानडीच निघते. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, अंगावर बंडी, गळ्यात लिंग, आणि या सगळ्यावर दिवसभर भुसा. संध्याकाळपर्यंत भस्म कुठलं आणि भुसा कुठला ते महादेवालाच ठाऊक.

आता मी यात कुठं आलो ते सांगतो. मी बी.ए. आहे. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला पहिला माणूस मीच. वडील मोंढ्यात हमाल होते. हे मी लपवत नाही, कुणी विचारलं नाही तरी सांगतो. सध्या एका खाजगी शाळेत शिकवतो आणि गेल्या वर्षापासून घर बांधतो आहे. आमच्या जुन्या पत्र्याच्या घराचं दार इतकं बुटकं की वडील उभ्या जन्मात त्यातून ताठ मानेनं आत आले नाहीत. आईची नव्या घराकडून एकच मागणी होती. फरशी नको, रंग नको. "चौकट अशी कर, की तुला आत येताना मान खाली घालावी लागू नये."

चौकटीसाठी गावाकडच्या बांधावरचा कडुलिंब पाडला. ओंडका अप्पांच्या शेडमध्ये आणून टाकला, चांगला वाळू दिला. भिंती उभ्या राहिल्या, मधे चौकटीची जागा मोकळी राहिली. आता फक्त अप्पांनी तो ओंडका चिरून द्यायचा होता.

आणि नेमके तेव्हापासून अप्पांना पट्टेच पसंत पडेनात.

जुना पट्टा मशीनवर होता, पण तो जळणापुरता. सरळ फळी काढायला गेलं की ती पोट सुटल्यासारखी मधे फुगून निघायची. तसल्या पट्ट्यावर चौकटीचं लाकूड घालायला अप्पा तयार नव्हते. "घराला जन्मभर वाकडं दार लावून देऊ व्हय? लोक काय म्हनतील, बी.ए.चं घर आन चौकट अशिक्षित."

मला ते बी.ए.च म्हणतात. नाव घेत नाहीत.

तर असं चाललं होतं. शाळा सुटली की मी सायकल काढायचो, शेडमध्ये जाऊन माझ्याच ओंडक्यावर बसायचो. अप्पा नवा पट्टा चढवायचे, भिंतीकडं तोंड करून बसायचे आणि बऱ्याच वेळानं मान हलवायचे. "बेड. उतरव रे रज्जाक." मग पट्टा उतरवायचा, त्याचं तिहेरी वेटोळं करायचं, गोणपाटात गुंडाळायचं, आणि सोमवारी अप्पा तो घेऊन एसटीनं लातूरला. परत करायचा, दुसरा आणायचा. दुसऱ्याचीही तीच गत.

"अप्पा, ह्याला काय झालं आता?" मी एकदा विचारलं.

"घसा बसल्यावानी बोलायलाय."

पुढच्या खेपेला विचारलं, तर, "लई गोड बोलायलाय. असल्यावर भरवसा ठेवू नये."

तिसरा पट्टा मला बरा वाटला होता. रज्जाकभाईंनाही बरा वाटला होता. अप्पा कितीतरी वेळ खिडकीकडं बघत बसले, मग उठले. "हा मुका हाय. कायच सांगंना."

रज्जाकभाई पट्टा उतरवता उतरवता मला म्हणाले, "सर, आपका घर बारिश के पहले होता नै."

"अहो पण पूर्वी असं नव्हतं ना?"

"पहले? पहले तो पट्टा लगाया, चाय आयी, पट्टा पास. इत्ता टाइम कब लगता था?" त्यांनी पट्टा जमिनीवर टेकवला. "चाय आयी तो समझ लेना, पास. अब चाय भी नै, पास भी नै."

मी इतका दमलो होतो की त्या बोलण्याकडं माझं लक्षच गेलं नाही. गवंडी दुसरं काम धरायच्या बेतात होता. आई रोज संध्याकाळी त्या मोकळ्या जागेत उभी राहून वर हात करून उंची बघायची आणि मला काही विचारायची नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

शेवटी एका सोमवारी मीच रजा टाकली आणि अप्पांबरोबर लातूरला निघालो. म्हटलं, दुकानात आपण स्वतः उभं राहू, शिकलेला माणूस बघून दुकानदार तरी चांगला माल काढेल.

एसटीत अप्पांना सगळे ओळखत होते. त्यांना म्हणण्यापेक्षा पट्ट्याला. अप्पा खिडकीशी बसले, गोणपाटाचं वेटोळं मांडीवर, दातांचं तोंड आतल्या बाजूला. शेजारी कुणी बसायला तयार नाही, म्हणून मी बसलो. कंडक्टर म्हणाला, "काय अप्पा, आज कोन नापास?"

"हेच की," म्हणून अप्पांनी वेटोळ्यावर थाप मारली. थकलेले दिसत नव्हते. रोज शेडमध्ये खांदे पाडून बसणारा माणूस बसमध्ये ताठ बसला होता. बंडीच्या जागी परीटघडीचा सदरा होता. भस्म ताजं होतं. मला वाटलं, देवदर्शन वगैरे करत असतील जाताजाता.

दुकानदारानं आम्हाला लांबूनच बघितलं आणि डोक्याला हात लावला. अप्पा आत गेले, वेटोळं काउंटरवर ठेवलं आणि नवे पट्टे टिचक्या मारून बघू लागले. दुकानदारानं मला बाजूला घेतलं.

"सर, तुम्ही शिकलेले दिसता. खरं सांगतो, ह्यांनी परत केलेल्या एकाही पट्ट्यात खोट नव्हती. मी तेच पट्टे दुसऱ्यांना देतो. झकास चालतात. एकाची तक्रार नाही."

"मग तुम्ही परत घेता कशाला?"

"जुनं गिऱ्हाईक. आन भांडत नाहीत हो. गपचूप ठेवतात, दुसरा उचलतात आन घाईघाईनं जातात. पट्ट्याकडं धड बघतही नाहीत."

खरंच, अप्पांनी तोवर एक पट्टा उचललाही होता. "चला बी.ए., नातीला बघून येऊ. जवळच हाय."

अप्पांची नात लातूरला क्लास करते, डॉक्टर व्हायचंय तिला. तिच्या जेवणाखाण्यासाठी महादेवी काकू, म्हणजे अप्पांच्या बायको, काही महिन्यांपासून तिथं खोली घेऊन राहतात, हे मला ऐकून माहीत होतं. लातुरात अशा आज्या गल्लोगल्ली आहेत. पोरं क्लासला, आज्या कुकरपाशी, आजोबा गावाकडं.

एका बोळात, क्लासच्या पाट्यांच्या जंगलाखाली, तळमजल्यावर खोली होती. नात क्लासला गेलेली. काकूंनी दार उघडलं, आधी पट्ट्याकडं बघितलं, मग अप्पांकडं.

"आणलं का आणखी एक?"

"पट्टेच खराब यायलेत," अप्पा म्हणाले.

"हां. सगळ्या जगाचे पट्टे खराब." काकूंनी पाणी दिलं. "आन हे कोन?"

"बी.ए. हायत. चौकट अडकलीय त्यांची."

"तुम्ही अडिवलीय म्हना." मग त्यांना एकदम आठवलं, की कोथिंबीर संपली आहे. अप्पा पिशवी घेऊन इतक्या तत्परतेनं निघाले, की मी बघतच राहिलो. शेडमध्ये हा माणूस कानस उचलायलाही रज्जाकभाईंना हाक मारतो.

अप्पा बोळाच्या टोकाला वळले तसं काकूंनी मला विचारलं, "खिडकीकडं तोंड करून बसतेत ना अजून?"

"हो. आवाज ऐकतात म्हणे."

काकू हसल्या. हसता हसता पदर तोंडाला लावला. "त्यांना काय आवाज ऐकू येतोय बाबा. मी लगीन हुऊन आले तवाच त्यांचे कान गेल्यातच जमा. मशीनपाशी वाढलेलं माणूस. बोललेलं समजतं, भांडलेलं समजतं, पन पट्ट्याचं बारीक काय समजत न्हाई."

"मग पट्टा पास कोण करायचं?"

"चहा."

काकूंनी गॅस बारीक केला आणि सांगितलं. मशीनपाशी उभं राहिलं तर सगळाच कल्ला, कुणालाच काही कळणार नाही. पण भिंतीपलीकडं स्वयंपाकघरात कल्ला गळून जातो आणि पट्ट्याचा तेवढा सूर येतो. नवीन लग्न झालेलं असताना एकदा अप्पांनी नवा पट्टा लावला आणि चहा पाठव म्हणून हाक मारली. काकूंना त्या आवाजात सारखं काहीतरी खुपत होतं. फिरता फिरता मधेच टिक. पुन्हा टिक. त्या काही चहा करेनात. अप्पा रागानं आत आले. काकू म्हणाल्या, ती तुमची मशीन शेळी खोकल्यावानी करायलीय, आधी तिला बघा, मग चहा. अप्पांनी पट्टा उतरवून बघितला. जोडाला केसाएवढी चीर.

"तवा रज्जाक नवीन. पट्ट्यासमोर त्याचे हात असतेत," काकू म्हणाल्या. "त्या दिवशी हे जेवले न्हाईत. आन तवापासून नवा पट्टा लावला की खिडकीकडं बघत बसतेत. मला बरा वाटला की मी चहा धाडते. न्हाई वाटला, न्हाई धाडत. बास."

"पण तुम्ही दोघांनी हे ठरवलं कधी?"

"ठरवायचं काय त्यात? त्याच्यावर कधी बोलनं न्हाई झालं. चहा धाडला की धाडला."

"मग आता फोनवर विचारत का नाहीत ते?"

"काय विचारतील? मला ऐकू येत न्हाई, तू ऐक म्हनून?" त्यांनी कुकरची शिट्टी नीट बसवली. "गावभर कानाचं नाव हाय त्यांच्या. मी पन कधी म्हनले न्हाई, तुम्हाला ऐकू येत न्हाई. तू बी बोलू नको."

अप्पा कोथिंबीर घेऊन आले. सोबत शेवंतीची वेणीही होती, ती त्यांनी पाण्याच्या माठावर ठेवली. काकूंनी बघितली नाही असं दाखवलं. आम्ही जेवलो. निघताना मी काकूंचा नंबर घेतला.

परतीच्या बसमध्ये अप्पा पुन्हा खांदे पाडून बसले. नवा पट्टा मांडीवर होता.

दुसऱ्या दिवशी तो पट्टा चढला. रज्जाकभाईंनी बटन दाबलं, अप्पा ओंडक्यावर बसले, खिडकीकडं तोंड. आता मला सगळं माहीत असल्यामुळं ते बघवत नव्हतं. खिडकीत कुणी नव्हतं. ते कुणी नसलेल्या खिडकीकडं बघत होते, आणि आपल्याला रज्जाकचे हात त्या पट्ट्यापुढं घालता येतील का, एवढाच त्यांच्यापुढं प्रश्न होता. बेड म्हणणं त्यांना परवडत होतं. चालू द्या म्हणणं परवडत नव्हतं.

पाणी पिऊन येतो म्हणून मी घरात गेलो आणि काकूंना फोन लावला.

"कुठं ठेवलास फोन?" त्यांनी विचारलं.

"खिडकीत."

"तिथं वारं लागतंय. मिठाच्या बरणीपाशी ठेव. मी तिथंच उभी राहायचे."

मी बरणीपाशी ठेवला. स्वयंपाकघर स्वच्छ होतं, वापरात नसलेल्या घराचं असतं तसं. एक ताट, एक तांब्या. चहाची किटली घासून पालथी घातलेली, आणि तिच्यावर धूळ नव्हती. म्हणजे कुणीतरी ती वरचेवर घासत होतं.

भिंतीपलीकडून पट्ट्याचा सूर येत होता. मला त्यातलं काही कळलं नाही. बी.ए.ला हा विषय नव्हता. फोनमध्ये लातूरचा कुकर वाजला, तो काकूंनी बंद केला.

"जोड बरा हाय," त्या म्हणाल्या. "लाकूड घातलं का?"

रज्जाकभाईंनी लिंबाचा फाटा पुढं सरकवला. सूर जरा खाली उतरला आणि तिथंच धरून राहिला. मला वाटलं, फोन कट झाला.

"काकू?"

"ऐकायले रे. लई दिसानं ऐकायले." मग घसा खाकरून म्हणाल्या, "चहा ठेव."

"मी?"

"मंग काय मी लातूरहून धाडू? बी.ए. झालास ना. आलं फडताळात हाय, कुटून घाल. आल्याशिवाय धाडू नको, त्यांना पटायचं न्हाई."

मी आयुष्यात पहिल्यांदा दुसऱ्याच्या घरात चहा केला. किटलीत ओतला, दोन कप घेतले आणि नेहमीच्या दारानं शेडमध्ये गेलो.

अप्पांनी किटली बघितली. आधी किटली, मग मी, मग पुन्हा किटली. रज्जाकभाईंनी मशीनवरचे हात काढले आणि तेही बघत राहिले. अप्पांनी कप घेतला, बशीत ओतला, एक घोट घेतला.

"आलं जाड कुटलंय," ते म्हणाले.

पुढं काही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. त्यांनी शेवटपर्यंत बशी रिकामी केली, कप माझ्या हातात दिला, उठले आणि धोतर झटकलं.

"रज्जाक, घे बी.ए.चं लाकूड."

चौकट सरळ निघाली. तीन दिवसांत सुतारानं ती जुळवली, गवंड्यानं बसवली, आईनं हळदकुंकू लावून नारळ फोडला आणि मला दोनदा आतबाहेर करायला लावलं. दुसऱ्या वेळी ती दाराकडं बघत नव्हती, माझ्या मानेकडं बघत होती.

पुढच्या सोमवारी शाळेत जाताना मला स्टँडवर अप्पा दिसले. परीटघडीचा सदरा, ताजं भस्म, आणि खांद्यावर गोणपाटाचं वेटोळं.

मी सायकल थांबवली. "अप्पा, हा तर पास झालेला पट्टा."

"हाय की पास."

"मग मशीनवर काय आहे?"

"कायच न्हाई. आज बंद." अप्पांनी वेटोळं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. "दुकानदाराला दाखवून आनतो म्हनलं. चांगला पट्टा कसा असतो ते तरी कळंल त्याला."

बस लागली. कंडक्टरनं दारातूनच विचारलं, "काय अप्पा, आज कोन नापास?"

अप्पा पायरीशी गेले. त्यांच्या एका हातात पट्टा होता आणि दुसऱ्या हातात कागदाची पुडी. वर चढताना पुडी पडेल म्हणून त्यांनी ती माझ्याकडं दिली, आणि जागेवर बसल्यावर खिडकीतून हात बाहेर काढून परत मागितली. पुडीला आल्याचा वास येत होता.

"लातूरचं आलं तिला आवडत न्हाई," ते म्हणाले.